मोहरीएवढी पृथ्वी, फुटबॉलएवढा सूर्य

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. १९६०च्या दशकात पूर्णा प्रकल्पात उभ्या राहिलेल्या या मातीच्या धरणाची भिंत सहा किलोमीटरांहून थोडी अधिक लांब आहे. समजा, या भिंतीच्या एका टोकाला सूर्य ठेवला आणि दुसऱ्या टोकाजवळ सूर्यमालेतील सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून. तर मधले ग्रह कोठे येतील?

उत्तर चकित करणारे आहे. या मापात सूर्य म्हणजे उंच माणसाएवढ्या व्यासाचा गोळा होईल. पृथ्वी त्याच्यापासून अवघ्या २०० मीटरवर येईल आणि तिचा आकार असेल लहानशा सुपारीएवढा. ज्वारीच्या दाण्याएवढा चंद्र तिच्यापासून अर्ध्या मीटरवर राहील. हरभऱ्याएवढा मंगळ ३०० मीटरवर. म्हणजे भिंतीवरून पाच मिनिटे चालताच बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह मागे पडतील. फुटबॉलहून किंचित लहान असा गुरू एक किलोमीटरवर, शनी जवळपास दोन किलोमीटरवर, मोसंबीएवढा युरेनस पावणेचार किलोमीटरांच्या थोडा पुढे आणि तेवढाच नेपच्यून थेट सहा किलोमीटरवर. उरलेल्या सगळ्या भिंतीवर जवळजवळ काहीच नाही!

आता शाळेच्या भिंतीवरील तक्ता आठवावा. त्यात सूर्याला खेटून आठ रंगीत गोळे एका रांगेत, सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तक्ता छापणाऱ्याचा त्यात दोष नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातील अंतरे एकाच मापात एका कागदावर बसवणे शक्यच नसते. आकार दिसावेत म्हणून अंतरे गुंडाळावी लागतात. परंतु मूल तो तक्ता खरा मानते आणि मोठेपणीही सूर्यमाला म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे तोच तक्ता येतो. तक्ता जे सांगू शकत नाही ते सांगण्याचा मार्ग फार साधा आहे आणि तो मुलांच्या परिचयाचाही आहे. तो मार्ग म्हणजे खेळ.

पाठ झाले, पण समजले का?

महाराष्ट्रातील पाचवीच्या 'परिसर अभ्यास' या पाठ्यपुस्तकाचा पहिलाच पाठ आपली पृथ्वी आणि आपली सूर्यमाला यांविषयी आहे. तत्पूर्वीच, अगदी बालवाडीच्या वयात, अनेक मुलांना आठही ग्रहांची नावे तोंडपाठ असतात. पाहुण्यांसमोर ती म्हणूनही दाखवली जातात. मात्र नावे येणे आणि समजणे यांत किती अंतर असते, याचा शोध शिक्षणतज्ज्ञांनी बराच घेतला आहे.

स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. अमेरिकेतील पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांशी त्यांनी संवाद साधला. पृथ्वीचा आकार कसा, असे विचारल्यावर 'गोल' हे उत्तर सर्रास मिळे. पण पुढचे प्रश्न विचारले की निराळेच चित्र समोर येई. कुणाची पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि सपाट होती. कुणाची चेंडूसारखी, पण पोकळ, आणि माणसे त्या पोकळीतील सपाट जमिनीवर राहत होती. तर कुणाच्या मते पृथ्वी दोन होत्या, एक पायाखालची सपाट आणि दुसरी आकाशातील गोल. मुलांनी मोठ्यांचे म्हणणे नाकारले नव्हते. डोळ्यांना दिसणारी सपाट जमीन आणि कानांवर पडलेली गोल पृथ्वी यांचा त्यांनी आपल्या परीने मेळ घातला होता. हैदराबादेतील मुलांवरील असाच एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील अनेक मुलांच्या कल्पनेत पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती.

असे गैरसमज वयाबरोबर आपोआप गळून पडतात, असेही नाही. १९८७ मध्ये तयार झालेल्या एका अमेरिकी माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातच २३ जणांना ऋतू का होतात आणि चंद्राच्या कला कशामुळे दिसतात, असे प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकली. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, हा त्यातील मुख्य समज. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वाधिक जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मराठवाड्यात शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा!

वारांपासून आरंभ

लहान मुलांना ग्रह शिकवायचे तर सुरुवात कोठून करावी? जे मुलाला आधीच ठाऊक आहे तेथून. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि ही सात नावे प्रत्येक मराठी मुलाला येतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जागा बदलत फिरणारे जे सात गोल दिसतात, त्यांचीच ही नावे आहेत. सात पुठ्ठ्यांवर ती लिहून, सूर्य आणि चंद्र बाजूला काढण्याचा खेळ पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही जमतो. हातात पाच ग्रह उरतात. मग प्रश्न येतो, यात पृथ्वी का नाही? ज्या गाडीत आपण बसलो आहोत ती गाडी खिडकीतून दिसत नाही, हे मुलांना चटकन पटते.

युरेनस आणि नेपच्यून वारांत नाहीत, कारण ते दुर्बिणीमुळे सापडले. पहिला १७८१ मध्ये, दुसरा १८४६ मध्ये. आजच्या पालकांनी मात्र शाळेत नऊ ग्रह पाठ केलेले असतात. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील अधिवेशनात बटुग्रहांच्या गटात टाकले आणि ग्रह आठ उरले. घरातील आजीच्या नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू आणि केतू असतात. ती यादी निराळ्या परंपरेची आणि निराळ्या हेतूची आहे, एवढे सांगितले तर मुलाचा गोंधळ होत नाही आणि आजीचा मानही राहतो.

गिरकी आणि दिवस-रात्र

सर्वांत सोपा खेळ एका मुलाचा आणि एका दिव्याचा. खोलीत अंधार करून एका बाजूला दिवा ठेवावा. मूल म्हणजे पृथ्वी, त्याचे नाक म्हणजे आपले गाव. मुलाने जागच्या जागी डावीकडे सावकाश वळत राहावे. दिवा डाव्या बाजूने दृष्टीस पडू लागला की पहाट, अगदी समोर आला की माध्यान्ह, उजव्या बाजूने दिसेनासा झाला की सायंकाळ आणि पाठीमागे गेला की मध्यरात्र. दिवा जागचा हललेला नाही, तरी तो उगवला आणि मावळला. 'सूर्य उगवतो' हे वाक्य आपण का बोलतो आणि ते कोणत्या अर्थाने खरे नाही, हे शब्दांनी समजावणे कठीण. दोन गिरक्यांत मात्र ते मुलाच्या अंगाला कळते.

हाच खेळ पुढे नेता येतो. गुरू सुमारे दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून गुरू झालेल्या मुलाने भराभर फिरावे. शुक्राला एका फेरीस २४३ दिवस लागतात आणि तोही उलट्या दिशेने फिरतो. शुक्र झालेल्या मुलाने इतके सावकाश उजवीकडे वळावे की हालचाल जाणवूही नये. युरेनसचा आस जवळजवळ आडवा आहे. तो होणाऱ्या मुलाला चक्क जमिनीवर लोळण घ्यावी लागते. ती भूमिका मिळावी म्हणून मुलांत भांडणे झाली नाहीत तरच नवल.

शरीराच्या हालचालींचा हा वापर केवळ करमणुकीसाठी नाही. मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांसोबत काम करून हाच विषय अभ्यासला. त्यांनी प्रत्यक्ष प्रतिकृती, अंगविक्षेप आणि आकृत्या यांची साखळी गुंफली. हातात धरलेला गोळा आणि वहीतील सपाट आकृती यांच्यामधील दरी ओलांडताना हातवारे व शारीरिक कृती पुलासारख्या उपयोगी पडतात, असे त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे सूत्र आहे.

मोसंबी, बोर आणि चंद्राच्या कला

दुसरा खेळ चंद्राचा. मुलाच्या हाती सात सेंटिमीटर व्यासाची मोसंबी द्यावी आणि ती पृथ्वी आहे असे सांगावे. चंद्रासाठी दोन सेंटिमीटरांचे बोर. आता बोर किती अंतरावर धरायचे? बहुतेक मुले, आणि त्यांचे पालकही, ते मोसंबीपासून वीतभर अंतरावर धरतात. खरे अंतर आहे सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर, म्हणजे सात फूट! पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये तीस पृथ्व्या ओळीने मावतात, हे वाक्य वाचून विसरले जाते. बोर हातात घेऊन सात फूट मागे सरकलेले मूल ते सहसा विसरत नाही.

चंद्राच्या कलांसाठी पुन्हा अंधारी खोली आणि दिवा. या वेळी मुलाचे डोके पृथ्वी आणि हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा उंच धरलेला पांढरा चेंडू चंद्र. दिव्याकडे तोंड केले की चेंडूची आपल्याकडील बाजू काळी दिसते, ती अमावास्या. डावीकडे पाव वळण घेतले की चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो, ती शुक्ल अष्टमी. दिव्याकडे पाठ केली की पूर्ण उजळलेला चेंडू, म्हणजे पौर्णिमा. आणखी पाव वळणावर डावा अर्धा भाग उजळलेला, ती कृष्ण अष्टमी. पौर्णिमेच्या वेळी चेंडू थोडा खाली आणला तर डोक्याची सावली त्यावर पडते आणि चंद्रग्रहण होते. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहान-मोठा दिसतो, हा मोठ्या माणसांतही घट्ट रुजलेला समज या एका कृतीने ढासळतो. कारण अष्टमीच्या चेंडूवर मुलाच्या डोक्याची सावली कुठेच नसते, हे ते स्वतः पाहते.

या खेळाला जोड हवी ती खऱ्या चंद्राची. पंधरा दिवस रोज एकाच वेळी खिडकीतून वा गच्चीवरून चंद्र पाहून त्याचे चित्र दिनदर्शिकेवर काढावे. चंद्र दिवसाही दिसतो, हा शोध मुलांना अशा वेळी लागतो आणि तो त्यांना फार आवडतो.

मोहरी, फुटबॉल आणि दोरी

धरणाच्या भिंतीचे माप मोठ्यांच्या कल्पनेसाठी ठीक. चिमुकल्यांना सहा किलोमीटर चालवणे शक्य नाही आणि पाण्याच्या काठावर असे खेळ मांडणे धोक्याचेही आहे. त्यासाठी शाळेचे मैदान आणि बाजूचा रहदारी नसलेला रस्ता पुरे. येथे सूर्य म्हणजे २२ सेंटिमीटरांचा फुटबॉल. मग पृथ्वी होते दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा एक टपोरा दाणा. शुक्र जवळपास तेवढाच. बुध खसखशीएवढा, मंगळ राजगिऱ्याएवढा. गुरू दोन सेंटिमीटरांचे बोर, शनी त्याहून थोडे लहान बोर, युरेनस आणि नेपच्यून म्हणजे हरभऱ्याचे दोन दाणे. सूर्य सोडला तर सारी सूर्यमाला मुलाच्या मुठीत मावते.

आता साडेतेवीस मीटर लांबीची एक दोरी कापावी. ही सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधील अंतराची दोरी. खगोलशास्त्रज्ञ हेच अंतर 'खगोलीय एकक' म्हणून वापरतात. मुलांसाठी ती नुसती 'पृथ्वीची दोरी'. फुटबॉलपासून नऊ मीटरवर बुध, सतरा मीटरवर शुक्र, एक दोरी पूर्ण झाली की पृथ्वी, दीड दोरीवर मंगळ. येथवर सगळे मैदानात मावते. गुरूसाठी मात्र पाच दोऱ्यांहून थोडे अधिक चालावे लागते, शनीसाठी साडेनऊ, युरेनससाठी एकोणीस आणि नेपच्यूनसाठी तीस दोऱ्या, म्हणजे सुमारे ७०० मीटर. मुले दमतात, कंटाळतात, 'अजून किती?' असे विचारतात. तो कंटाळाच या खेळाचा खरा धडा आहे. नेपच्यूनवर उभे राहून मागे पाहावे. फुटबॉल दिसतही नाही.

या मापात प्रकाशाचा वेगही मुलांच्या आटोक्यात येतो. सूर्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला सव्वाआठ मिनिटांच्या थोडा वर वेळ लागतो. म्हणजे आपल्या मैदानावर तो सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकेल, साधारण भरभर चालणाऱ्या मुंगळ्यासारखा. नेपच्यूनपर्यंत पोहोचायला त्या मुंगळ्याला चार तासांहून अधिक वेळ लागेल. सूर्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा कोठे ठेवायचा, असे एखादे मूल विचारतेच. त्याचे उत्तर असे की फुटबॉल सिद्धेश्वरला असेल, तर तो तारा जपानमधील टोकियोएवढ्या अंतरावर, सुमारे ६,३०० किलोमीटर दूर ठेवावा लागेल आणि मुंगळा तेथे सव्वाचार वर्षांनी पोहोचेल.

काठीची सावली

मोकळ्या अंगणात उभी रोवलेली सरळ काठी हे बहुधा माणसाचे सर्वांत जुने खगोलीय उपकरण. आपल्याकडे त्याला 'शंकू' म्हणत. काठीच्या सावलीच्या टोकाशी तासातासाला खडा ठेवत गेले की सायंकाळी खड्यांची एक ओळ तयार होते. सावली सर्वांत आखूड असते तेव्हा स्थानिक माध्यान्ह. घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले नसतात, हे पाहून मुले गोंधळतात. मे महिन्यात सिद्धेश्वर परिसरात ती वेळ साधारण सव्वाबाराच्या थोडी पुढे येते, कारण आपली घड्याळे ज्या रेखावृत्तावर लावलेली आहेत ते तेथून बरेच पूर्वेला आहे.

वर्षातून दोनदा ही सावली माध्यान्ही नाहीशी होते. हिंगोलीच्या अक्षांशावर हा 'शून्य सावली दिवस' मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यास. जुलैत ढगांमुळे तो बहुधा हुकतो आणि मे महिन्यात शाळेला सुटी असते. साहजिकच हा प्रयोग शाळेवर सोडून चालत नाही. तो घरच्या अंगणात किंवा गच्चीवर करावा लागतो. एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, साध्या दुर्बिणीतून तर नाहीच. सूर्य पाहायचा तर झाडाखाली पाहावा. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा होत; खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

पृथ्वी गोल, तर सपाट का दिसते, या जुन्या प्रश्नासाठीही अंगण पुरते. दहा मीटरांच्या दोरीने जमिनीवर मोठे वर्तुळ आखावे आणि मुलाला त्याच्या वीतभर भागाकडेच, दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून पाहायला सांगावे. रेघ सरळ दिसते. वर्तुळाचा छोटा अंश सरळ भासतो, म्हणून प्रचंड पृथ्वीवरील लहानशा माणसाला ती सपाट वाटते, हा युक्तिवाद बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात मांडला आहे.

परातीतले लोणार

हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. चंद्र आणि बुध यांच्या पृष्ठभागावर अशीच असंख्य विवरे आहेत. ती कशी झाली, हे परातीत पाहता येते. परातीत चार बोटे जाडीचा पिठाचा थर पसरावा, वर हळद वा रांगोळीचा पातळ थर भुरभुरावा आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोटी सोडावी. खड्ड्याची कड उचलली जाते, आतले पांढरे पीठ किरणांसारखे बाहेर फेकले जाते आणि उंचीबरोबर खड्डाही मोठा होतो. पौर्णिमेच्या चंद्रावर साध्या द्विनेत्रीतूनही दिसणारे पांढरे पट्टे मग मुलांना ओळखीचे वाटतात.

टाकाऊतून विज्ञानाची परंपरा

घरातल्या वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ मध्येच तारांगण उभे राहिले. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्यातून मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या वास्तूचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींपैकी एका ताऱ्याचे हे नाव पुलंचीही आठवण जागवते. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. मुलांशी संवाद हा त्यांच्या कार्याचा अविभाज्य भाग होता. याच केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी घडवली आणि ती कशी करायची हे सर्वांना खुले करून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. खेळणे मुलाने मोडून पाहावे आणि पुन्हा जोडावे, हा त्या साऱ्या उपक्रमाचा गाभा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या वयोगटासाठी खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

फुगडी आणि लायगो

सिद्धेश्वर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील दुधाळा परिसराची निवड गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पासाठी झाली आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच अशा लहरी टिपल्या. भारतातील प्रकल्पाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे उपकरण प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी सूक्ष्म असा बदल मोजते. त्यासाठी जमिनीची शांतता लागते आणि ती हिंगोली जिल्ह्यात मिळाली.

या अवघड विषयाचे बीजही एका खेळात आहे. तो खेळ म्हणजे फुगडी. सारख्या वजनाच्या दोन मुली फुगडी घालतात तेव्हा दोघी सारखेच वर्तुळ घेतात. मोठ्या ताईने धाकटीशी फुगडी घातली तर ताई लहान वर्तुळात फिरते आणि धाकटी मोठ्या. पण ताई जागची हलत नाही असे कधीच होत नाही. सूर्य आणि गुरू यांची फुगडी अशीच आहे; गुरूच्या ओढीने सूर्यही जवळपास स्वतःच्या त्रिज्येएवढे वर्तुळ घेतो. दूरच्या ताऱ्यांचे असे डुलणे पाहूनच १९९५ मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. आणि २०१५ मध्ये लायगोने टिपलेल्या लहरी निघाल्या होत्या त्या दोन कृष्णविवरांच्या अखेरच्या, अतिवेगवान फुगडीतून!

खेळात खोटे काय?

या सर्व खेळांना एक धोकाही आहे. खेळ हेदेखील शेवटी एक चित्रच असते आणि प्रत्येक चित्रात काहीतरी सोडून दिलेले असते. मोहरीची पृथ्वी रस्त्यावर पडून असते, खरी पृथ्वी कशावरही टेकलेली नाही. सगळे ग्रह एका रांगेत मांडले जातात, खरे ग्रह तसे रांगेत उभे नसतात. दिव्याच्या खेळात मुलाचे डोके आणि चेंडू शेजारी असतात, प्रत्यक्षात चंद्र तीस पृथ्व्यांएवढा दूर. परातीतली गोटी पिठात शाबूत सापडते, लोणारला आदळलेला पाषाण मात्र त्या प्रचंड आघातात बहुतांशी नष्ट झाला. शिक्षकाने वा पालकाने या मर्यादा लपवल्या, तर एक गैरसमज जाऊन दुसरा येतो.

म्हणूनच खेळ संपल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा. या खेळात खरे काय होते आणि खोटे काय? सात-आठ वर्षांची मुले त्याची उत्तरे उत्साहाने देतात, कारण मोठ्यांची चूक काढण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. उत्तरे देता देता ती प्रतिकृती आणि वस्तुस्थिती यांतील भेद ओळखू लागतात. आणि हाच भेद ओळखणे म्हणजे वैज्ञानिकाचे निम्मे काम होय.

शहरातील घरांत आज सूर्यमाला दाखवणारी रंगीत चलचित्रे बोटाच्या एका स्पर्शावर आहेत; आकाश मात्र इमारती आणि दिव्यांनी झाकले आहे. सिद्धेश्वरसारख्या गावांत आकाश मोकळे आहे. दोन्हीकडच्या मुलांना लागणारे साहित्य तेच आहे, एक फुटबॉल, एक दोरी आणि स्वयंपाकघरातील डब्यांतले चार दाणे. औंढ्याच्या माळावर वेधशाळा उभी राहील आणि देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे येतील. आज परिसरातल्या शाळांत तिसरी-चौथीत बसलेली मुले त्या वेळी तिच्या कुंपणाबाहेर उभी राहून पाहणार की आत काम करणार, हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून आहे. त्यांतील पहिली गोष्ट अगदीच स्वस्त आहे. मोहरीचा तो एक दाणा कुणीतरी त्यांच्या तळहातावर ठेवून सांगायला हवे, ही आपली पृथ्वी. आता सूर्य कुठे ठेवू या, सांग पाहू.